आत्ता नको, घरी गेल्यावर

सकाळी ६.५० वाजता आमच्या घरात रोज एकच प्रश्न विचारला जायचा. "झाली का गं?" आतून धाकटीचा आवाज, "नाही." मग मी, "कर ना लवकर, बस येईल." थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग फ्लश, आणि चड्डी वर ओढत ती बाहेर. झालेली नाही हे तिला ठाऊक असायचं आणि मलाही. पण डबा भरायचा राहिलेला, वेणी राहिलेली, आणि ७.१० ला बस कोपऱ्यावर. तो विषय आम्ही दोघी तिथेच सोडून द्यायचो.

बाळ तान्हं असताना आपण आया शीबद्दल किती भरभरून बोलतो! रंग, वास, दिवसातून किती वेळा, सगळं. मूल शाळेत जायला लागलं की ते बोलणं बंद पडतं. आता ते त्याचं त्याला कळतं, असं आपण धरून चालतो. मग एखाद्या रात्री ते पोट धरून रडायला लागतं आणि आपण बोटं मोजतो. सोमवारी झाली होती का? की रविवारी? नवऱ्याला विचारावं तर त्यालाही आठवत नाही. तुमच्याकडेही असं झालं असेल, तर एवढंच सांगते की तुम्ही निष्काळजी नाही. दिवसच तसे धावतात.

धाकटी तेव्हा साडेपाच वर्षांची होती. सुरुवातीला नुसतं बेंबीपाशी हात ठेवून "दुखतंय" म्हणायची. दोन घास खाऊन ताटावरून उठायची. रात्री झोपताना "पाय दाबून दे" असा हट्ट. मग एक दिवस मोठा खडा झाला, फार दुखलं, थोडं रक्तही दिसलं. त्या दिवसापासून तिची शीबरोबर दुश्मनी सुरू झाली.

शी आली की ती सोफ्यामागे जाऊन उभी राहायची. पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद. मला वाटायचं, जोर लावतेय बिचारी. "अगं, मग आत जाऊन बस ना," असं मी दहादा म्हटलं असेल. ती जोर लावत नव्हती. ती सगळं बळ एकवटून अडवत होती. हे मला कितीतरी आठवड्यांनी कळलं, आणि कळलं तेव्हा पोटात कालवलं.

त्याहून वाईट वाटतं ते चड्डीच्या डागांचं. रोज थोडं थोडं लागलेलं असायचं. एका संध्याकाळी मी दमून आले होते, धुण्याचा ढीग पुढ्यात, आणि मी बोलून गेले, "एवढी घोडी झालीस आणि अजून चड्डीत?" ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून चड्ड्या कपाटामागे लपवायला लागली. नंतर बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. आत खडा अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. आतडं ताणून ताणून त्याची जाणीव बोथट झालेली असते, त्यामुळे मुलाला ते कळतही नाही. कित्येक घरांत त्याला जुलाब समजून उलट जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. मी त्या रात्री तिला जवळ घेऊन माफी मागितली. "तुझी काही चूक नव्हती," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मला खरंच कळत नव्हतं गं."

त्या डॉक्टरांनी पोट तपासून पाण्यात मिसळायची एक पावडर दिली. आतड्यात पाणी धरून ठेवणारी, म्हणजे शी मऊ राहते. आधी साठलेलं सगळं बाहेर येऊ द्यायचं, आणि मग कित्येक महिने शी मऊच ठेवायची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताणलेलं आतडं मूळपदावर यायला वेळ लागतो, आणि "दुखतं" ही भीती विसरायला मुलाला त्याहून जास्त. मी काय केलं? १२ दिवसांनी पावडर बंद केली. "सवय लागेल बाई," असं शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि माझ्याही मनात तेच होतं. महिन्याभरात पुन्हा सोफ्यामागे उभं राहणं सुरू. या पावडरीने आतडं आळशी होत नाही. घाईने बंद केल्यानेच दुखणं परततं. तुमच्या डॉक्टरांनी काही सुरू केलं असेल, तर त्यांना न विचारता थांबवू नका, एवढं माझ्या चुकीवरून सांगते.

आम्ही एका आयुर्वेदिक वैद्यबाईंकडे गेलो ते त्यानंतर. पावडर पुन्हा सुरू होती, तेही त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, नाडी बघतील, चूर्ण देतील. त्यांनी आधी विचारलं, "ही सकाळी किती वाजता उठते?" मी म्हटलं, ६.३०. "आणि बस?" ७.१०. मग त्यांनी विचारलं, "रस्त्यात, बाजारात हिला शी आली की तुम्ही काय म्हणता?"

मी गप्प झाले. धाकटीनेच उत्तर दिलं. "आई म्हणते, आत्ता नको, घरी गेल्यावर."

आपण सगळेच म्हणतो ना हे? बाहेरचं स्वच्छतागृह घाण असतं, लग्नाच्या हॉलमध्ये रांग असते, गाडी हायवेवर असते. आणि घरी गेल्यावर ती घाई निघून गेलेली असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय याच गोष्टीपासून सुरू होतो, असं त्या म्हणाल्या. शरीरातून आपोआप उठणारे १३ वेग तिथे सांगितलेत, जे अडवायचे नाहीत. मलमूत्राचे तर आहेतच, पण शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्यात आहे. ऐकताना मी मनातल्या मनात मोजत होते, यातले किती आपण मुलांना रोज अडवायला लावतो. "रडू नकोस." "आत्ता पाणी नको, तास चाललाय." "झोपू नकोस, होमवर्क राहिलंय."

शीचा वेग अडवला तर काय होतं, तेही तिथे आहे. पोट दुखतं, डोकं दुखतं, वारा आणि मळ दोन्ही अडतात, पोट फुगतं, आणि पोटऱ्यांत गोळे येतात. पोटऱ्या म्हटल्यावर मला ते "पाय दाबून दे" आठवलं. मुलांचे पाय अनेक कारणांनी दुखतात, हिचंही कारण हेच असं मी म्हणणार नाही. पण इतक्या जुन्या काळी कुणीतरी इतकं बारकाईने बघून ठेवलंय, याने मी हलले.

आयुर्वेदाच्या हिशेबात हे काम अपानवायूचं. खाली ढकलणं हा त्याचा धर्म. अडवलं की तो उलटा फिरतो, कोरडेपणा वाढतो, आणि कोरडं ते आणखी अडतं. बालरोगतज्ज्ञांनी त्यांच्या भाषेत सांगितलं होतं की मोठं आतडं पाणी शोषत राहतं, त्यामुळे थांबलेली शी तासागणिक घट्ट आणि जाड होत जाते. मग ती करताना दुखतं, दुखतं म्हणून मूल पुन्हा अडवतं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं, आणि ते मुलाला दटावून तुटत नाही.

वाग्भटांनी अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना दोन गोष्टी सांगितल्यात. वेग आला असताना दुसऱ्या कामाला लागू नये. आणि नसलेला वेग बळाने आणू नये. मी घरी येऊन यावर फार विचार केला. बाजारात तिला शी आली की मी म्हणायची, धर. सकाळी ६.५० ला नसायची तेव्हा म्हणायची, जोर लाव. दोन्हीकडे घड्याळ माझं होतं आणि पोट तिचं.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट बदलली ती झोप. रात्री अर्धा तास लवकर निजवायचं, म्हणजे सकाळी ६ ला हाक मारता येते. हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडे दिवे बंद व्हायला १० वाजायचे, त्यामुळे आधी आम्हा मोठ्यांचं जेवण लवकर आणावं लागलं. उठल्यावर कोमट पाणी, मग लगेच काहीतरी खायला. रिकाम्या पोटी बसवून उपयोग नाही. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून खाऊन झाल्यावर १५-२० मिनिटांत बसवलं तर शरीर स्वतः मदत करतं. बसायचं पाच-दहा मिनिटं. झाली तर झाली. नाही झाली तर "ठीक आहे, बसलीस ना, छान," आणि विषय संपला. हे "विषय संपला" मला सगळ्यात कठीण गेलं.

दुसरं, पाट. आमच्याकडे कमोड आहे, आणि तिचे पाय हवेत लोंबकळायचे. उकिडवं बसलं की गुदद्वाराजवळचा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर लावायला आधारच मिळत नाही. माळ्यावरचा जुना पाट काढून पायाखाली दिला, गुडघे कमरेच्या थोडे वर आले. एवढ्याशा गोष्टीने पडलेला फरक मला अजून खरा वाटत नाही. जिथे भारतीय पद्धतीचा संडास आहे तिथे हा प्रश्न नाही, पण लहान मुलाला तिथे तोल जाण्याची, पडण्याची भीती असते. आपण हात धरून बसलो तर ती जाते.

रात्री झोपताना पोटाला तेल. कोमट तिळाचं तेल, हलक्या हाताने बेंबीभोवती गोल. उजव्या बाजूने वर, बरगड्यांखालून आडवं, डाव्या बाजूने खाली, कारण मोठ्या आतड्याचा मार्गच तसा आहे. आधी आंघोळीच्या वेळी टबात कोमट पाण्यात थोडा वेळ बसवायचं. चरकांनीही अडवलेल्या मळासाठी शेक, तेल लावणं, कोमट पाण्यात बसवणं हे सांगितलंय. पुढचे उपाय, म्हणजे गुदद्वारातून द्यायची वर्ती आणि बस्ती, वैद्यांचे. ते घरी करायचे नाहीत. तेल लावताना आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा होतात. शाळेतल्या संडासाची गोष्ट मला तिथेच कळली. तिथल्या दाराची कडी लागत नव्हती. बाहेरून कुणीतरी दार ढकललं होतं, आणि मुली हसल्या होत्या. वर्गात सगळ्यांसमोर हात वर करून विचारावं लागतं, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. बाटली मी रोज भरलेली परत येताना बघत होते आणि "पाणी का नाही प्यायलीस?" म्हणून रागावत होते.

मी शाळेतल्या बाईंना जाऊन भेटले. तक्रार केली नाही, फक्त सांगितलं. त्यांनी तिला न विचारता उठून जायची मुभा दिली आणि सोबत मैत्रीण न्यायला सांगितलं. कडी दुरुस्त व्हायला वेळ लागला, पण मैत्रीण दारापाशी उभी राहू लागली.

खाण्याचं सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण "भाज्या खायला घाला" हे ऐकून आपले कान किटलेत. मूल खात नाही म्हणून तर आपण बिस्किटं आणि ब्रेड-जाम देतो. वैद्यबाईंनी आमच्याकडे आधी दूध कमी केलं. दिवसाला तीन मोठे पेले प्यायची ती. त्यानेच पोट भरायचं, मग जेवणाला जागा कुठली! एक पेला ठेवला. गरम मऊ वरणभातावर तूप, आणि तुपाचा चमचा सढळ. ताटात पडवळ, दोडका, तांबडा भोपळा, जे जे ओलसर आणि मऊ ते. ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. हंगामात पपई, पेरू, पुरंदरचे ताजे अंजीर मिळाले तर उत्तमच. काळ्या मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी बिया काढून कुस्करून त्याच पाण्यासकट. लहान मुलाला अख्ख्या मनुका देऊ नका, घशात अडकतात.

माझा मोठा मुलगा एक पेला दूध प्यायला तरी त्याचं पोट साफ, आणि धाकटीला मनुका, अंजीर, सगळं करूनही दिवस जातो. याला शास्त्रात कोष्ठ म्हणतात. एकाचा मृदू, एकाचा क्रूर. दूध, द्राक्षाचा रस, उसाचा रस एवढ्यानेच ज्याचं काम होतं तो मृदू. हे समजल्यावर मी "दादाला बघ कसं होतं" हे म्हणणं सोडलं. ते मी म्हणत होते, हे आठवूनही वाईट वाटतं.

आता औषधांबद्दल. आमच्या लहानपणी सुट्टीत एकदा एरंडेल ठरलेलं असायचं. नाक दाबून, वर आल्याचा चहा. दिवसभर पोटात मुरडा. ते आपल्याला दिलं ते प्रेमानेच, पण आपल्या मुलांना मनाने देऊ नका. अडवणाऱ्या मुलाला मुरडा आला की त्याची भीती दुप्पट होते. दुकानात मिळणाऱ्या मोठ्यांच्या "पोट साफ" चूर्णांत बहुतेकदा सोनामुखी असते. तीही मुलांना परस्पर देण्याची गोष्ट नाही. भस्मं, रसौषधी तर नाहीच नाही. बाळगुटीतला हिरडा उगाळतानाही आपल्या आज्या वेढे मोजायच्या, ते उगाच नव्हे.

चरकांनी मुलांच्या औषधाबद्दल जे म्हटलंय ते ऐकून माझे डोळे भरले. मुलं कोवळी असतात, दुसऱ्यावर अवलंबून असतात, आणि त्यांना काय होतंय ते बोलून किंवा वागून नीट सांगता येत नाही, म्हणून त्यांना औषध थोडक्या मात्रेत द्यावं. सोफ्यामागे उभी असलेली माझी मुलगी मला काहीतरी सांगतच होती.

धाकटीला वैद्यबाईंनी काही दिवस बहाव्याचा मगज दिला. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पिवळ्या झुंबरांनी लगडतो तोच बहावा. त्याच्या लांब काळ्या शेंगेत डांबरासारखा गर असतो. सौम्य रेचकांत चरकांनी त्याला पहिला मान दिलाय, आणि ४ ते १२ वर्षांच्या मुलांना तो द्राक्षाच्या रसातून द्यावा असंही लिहून ठेवलंय. किती द्यायचा आणि किती दिवस, हे आमच्या वैद्यबाईंनी तिला बघून आणि पावडर चालू आहे हे लक्षात घेऊन ठरवलं, म्हणून मी इथे मात्रा सांगत नाही. तुमच्या मुलाची तुमच्या वैद्यांनी ठरवावी. आणि एकाचं औषध दुसऱ्यापासून लपवू नका. मी दोन्ही कागद दोघांना दाखवले, कुणीही रागावलं नाही.

काही वेळा मात्र मनुका आणि तेल यांत एक दिवसही घालवायचा नाही. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत बाळाला काळी शी झालीच नव्हती, पोट टम्म फुगलंय, हिरवी उलटी होतेय, ताप आहे, वजन वाढत नाही, पुन्हा पुन्हा रक्त पडतंय, पायांत कमजोरी वाटतेय, यातलं काहीही असेल तर सरळ डॉक्टरांकडे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दीड-दोन महिन्यांनंतर कधी कधी चार-पाच दिवस शी होत नाही. ते हसतंय, नीट पितंय आणि शी मऊ होतेय, तर घाबरू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

आमचं सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत कोकणात गेलो, गाडीत सहा तास, नवा संडास, चिवडा-चकली, आणि पाचव्या दिवशी पुन्हा टाचा उचललेल्या दिसल्या. मी यावेळी दटावलं नाही, पण रात्रभर झोपलेही नाही. सासूबाईंनी तिला मांडीवर आडवं घेऊन पोटाला तेल लावलं, गोष्ट सांगितली. दोन दिवस लागले.

परवा सकाळी बस आली तेव्हा ती आत होती. खालून हॉर्न वाजला. माझी हाक ओठांवर आली होती. आतून ती म्हणाली, "आई, येतेय, पण आत्ता येतेय." आधी मला अर्थच लागला नाही, मग लागला. मी गॅलरीत गेले आणि बसवाल्या काकांना हाताने खूण केली, जा तुम्ही. तिला रिक्षाने सोडलं. पोचायला २० मिनिटं उशीर झाला, डायरीत उशिराचा शेरा आला, आणि मी खाली सही केली.